पंचमीला धाडाल का?

कोल्हारच्या स्टँडवरून मोटार कधीच वेळेवर सुटत नसे, आणि त्रेचाळीस साली तर नाहीच नाही. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. पाठीला एक उंच ड्रम बांधलेला असे. त्यात क्लीनर कोळसे पेटवी आणि हातानं पंखा फिरवत बसे. गॅस धरेपर्यंत उतारूंनी खाली उभं राहायचं. आईला जे सांगायचं होतं ते तिनं तेवढ्या वेळात मला तीनदा सांगितलं.

मी नगरला मुलाखतीला निघालो होतो. बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो होतो आणि जबलपूरच्या एका लष्करी गोदामात कारकुनांच्या जागा होत्या. अंगात कोट होता तो आमच्या आळीतल्या मुबारकचाचांनी दिलेला. चाचा शिंपी होते. कोट दुसऱ्याच कुणाच्या लग्नासाठी शिवला होता आणि लग्नाला अजून आठ दिवस होते. खालचं बटण लावू नकोस, ते नुसतं शोभेला टाचलंय, असं त्यांनी बजावलं होतं, आणि साहेबापुढे घाम कमी गाळ, नवरदेवाला वास यायला नको, असंही.

पेटी घेऊन गाव सोडलं तो दिवस पंधरा दिवसांनंतरचा. पण माझ्या लेखी मी कोल्हार सोडलं ते त्या सकाळीच. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. तुम्हा कोल्हारच्या घरच्या मंडळींसाठी लिहितो, आणि कोल्हार सोडून नगरला, पुण्याला गेलेल्यांसाठीही. हे तुम्हाला केव्हाच सांगायला हवं होतं.

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हणजे आधी तिच्या घरची चार माणसं जाऊन मुलाचं घर बघून येतात. विचारायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. पाणी किती लांब, चूल कुणाच्या हाती, आणि नागपंचमीला माहेरी धाडाल का. पंचमीच्या आधी मुलीचा भाऊ मुराळी म्हणून जातो आणि बहिणीला घेऊन येतो. माझ्या आईचं माहेर कर्जताकडचं. तिकडे हंडाभर पाण्याला कोसभर चालायचं. तिचे वडील आमचं घर बघायला आले, त्यांनी प्रवरेचं पाणी पाहिलं, पाटाचं पाणी पाहिलं, आणि तिथंच हो म्हणाले. पुढचं विचारायचं त्यांना सुचलंच नाही. आई उभ्या जन्मात तीनदा माहेरी गेली. तीही मयताला.

म्हणून मोटारीजवळ उभी राहून ती म्हणाली, "पोरगी देताना इचारतो, मग पोरगा देताना का इचारायचं न्हाई? पानी कुठलं, खायची सोय काय, आन् पंचमीला धाडाल का. पहिली दोन इसरलास तरी चालंल."

माझा थोरला भाऊ किसनदादा बाजूला उभा होता. तो हसून म्हणाला, "आई, ह्यो काय नांदायला चाललाय व्हय?"

"मग काय करायला चाललाय? परक्याच्या घरी ऱ्हायचं, त्येच्या हुकमानं उठायचं-बसायचं. ह्यालाच नांदनं म्हनत्यात."

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. शेत दादाच बघत होता. त्याची शाळा चौथीत सुटली होती, ती माझी चालू राहावी म्हणून. तो मुळातच कमी बोलणारा होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्याचं कमी बोलणं आणि त्याला बोलता न येणं या दोन गोष्टी आपल्या घरात एकच मानल्या गेल्या. त्याचं कारण मी आहे.

नगरला कॅम्पातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. माझ्या आधी राहुरीकडचा सावळेराम नावाचा मुलगा आत गेला. दार उघडंच होतं. शेवटी त्यानं काहीतरी विचारलं, त्यात मला एवढंच कळलं की तो रजेबद्दल बोलतो आहे. आणि लगेच साहेबाचं हसणं ऐकू आलं. सावळेराम बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं. मी मनाशी म्हटलं, याचं गेलं.

साहेब उंच, पांढऱ्या भुवयांचा इंग्रज होता. इंग्रजी आणि मोडकी हिंदुस्तानी बोलायचा. त्यानं हिशोब विचारले, अक्षर पाहिलं, एक उतारा वाचायला लावला. मग पेन खाली ठेवून त्यानं विचारलं की तुला काही विचारायचं आहे का. आमच्या मास्तरांनी साहेब काय काय विचारील ते सगळं घोकून घेतलं होतं, पण साहेब असंही विचारील हे त्यांनाही माहीत नसावं. मला आईची तिन्ही वाक्यं इंग्रजीत येत होती. मोटारीत बसल्या बसल्याच मी ती जुळवून ठेवली होती.

मी ती बोललो नाही. मी म्हटलं, नाही सर, मला काही विचारायचं नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिला. ती शांतता मला सोसली नाही. मग मी आपणहून एक वाक्य जोडलं, की घरी माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

साहेबानं ते कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मी कोल्हारला उतरलो तेव्हा आई स्टँडवरच बसली होती. जागा मिळाली का, हे तिनं विचारलं नाही. "इचारलंस का?" एवढंच म्हणाली.

विचारलं, मी म्हटलं.

"काय म्हनला?"

"लढाई संपेपर्यंत नाही म्हणाला."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. खरं बोलला बिचारा, म्हणाली, सासरचे लोक तोंडावर एवढंसुद्धा सांगत नाहीत.

जबलपूरला मला मोहल्ल्यात एक खोली मिळाली. पहिल्या वर्षाचं काय सांगू. शेजारी सगळे हिंदी बोलणारे, आणि मी वाक्य मनात जुळवीपर्यंत ते आपल्या दारात गेलेले असायचे. शेगडीवर एकट्यापुरतं अन्न शिजवणं ही गोष्ट मला कधी जमली नाही. आईच्या हाताला चार माणसांची सवय, ती माझ्या हातात उतरली होती. रोज उरायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच खायचं. रविवारी संध्याकाळी स्टेशनवर जाऊन मनमाडकडे जाणारी गाडी बघत उभा राहायचो. गाडी निघून गेली की हमाल मला विचारायचा, कोई आने वाला था क्या बाबू? मी मान हलवायचो. आता पन्नास वर्षांनी माझंच मराठी असं झालंय की नळाला नल म्हणतो आणि स्वयंपाकघराला चौका, आणि इथले लोक अजून मला 'पूना तरफ के' म्हणतात. नगर कुठे आहे हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं.

गोदामात पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलाशी सावळेराम बसलेला दिसला. त्याचीही निवड झाली होती. मी विचारलं, साहेब हसला होता ना? तो म्हणाला, हसला खरा, पण म्हणाला अच्छा सवाल है, पूछना चाहिए. वर्षाला पंधरा दिवसांची रजा, रेल्वेचा पास वेगळा. सावळेराम लाजून लाल झाला होता, कारण साहेबानं त्याला घरी बायको आहे का म्हणून विचारलं होतं.

म्हणजे जबलपूरला पोचल्याच्या पहिल्या दिवशीच मला सगळं कळलं होतं. एक कार्ड टाकून आईला सांगता आलं असतं, की मला चुकीचं समजलं होतं, रजा आहे, पंचमीला येतो. चार ओळींचं काम होतं.

ते का केलं नाही याची कारणं मी आजवर स्वतःला बरीच सांगितली. लढाई होती, काम होतं, तंबू-घोंगड्यांच्या गठ्ठ्यांचा स्टॉक मोजून संपत नव्हता. रजा न घेणारा म्हणून बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मला मानायचे, हेही खरं. पण सावळेराम दरवर्षी पंधरा दिवस राहुरीला जाऊन यायचा आणि त्याचं काही बिघडलं नाही. खरं कारण असं, की गावाकडे कुणीतरी आपली वाट बघतंय ही गोष्ट मला त्या खोलीत पुरत होती. दर महिन्याला मुबारकचाचांच्या अक्षरात आईचं कार्ड यायचं. तुझा साहेब कसा आहे, त्याला मुलं आहेत का, असतील तर त्याला कळेल. खाली चाचांची एखादी ओळ असायची, की नवरदेवाला मुलगा झाला, कोट अजून टिकून आहे. मी ते कार्ड आठ-आठ दिवस पुरवून वाचायचो. गेलो असतो तर चार दिवसांत ते वाट बघणं संपलं असतं, आणि परत येऊन त्याच खोलीत मी रिकाम्या हातानं बसलो असतो. एकटेपणानं माणूस दुष्ट होतो असं मी म्हणत नाही. मी झालो, एवढंच सांगतो.

दोन पंचम्या गेल्या. पंचेचाळीसच्या श्रावणात, पंचमी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, लढाई संपल्याची बातमी आली. गोदामात मिठाई वाटली. मी मात्र चेहरा पाडून बसलो होतो, कारण आता आईला काय कळवायचं? लढाई संपली की नाही हे ती रोज शाळेत जाऊन मास्तरांना विचारत असे, हे चाचांनी कळवलं होतं. मी लिहिलं, लढाई संपली पण साहेब म्हणतो सगळं सामान परत मोजून घ्यायचंय, दिवाळीलाही सोडत नाही.

त्या साहेबाची इथं माफी मागतो. तो केव्हाच विलायतेला परत गेला. आपल्या घरात त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण त्याला शिव्या मात्र दोन पिढ्यांनी दिल्या. त्यानं मला कधी काही नाकारलं नव्हतं. मी त्याला काही मागितलंच नव्हतं.

शेहेचाळीसच्या पंचमीला चार दिवस असताना दुपारी गेटवरचा शिपाई सांगत आला, की मुलुखातून कुणी आलंय. मी बाहेर गेलो तर किसनदादा. डोक्याला नवा पटका, काखेत गाठोडं, पायांवर मनमाडपासूनची धूळ. नगर जिल्ह्याबाहेर तो पहिल्यांदाच आला होता. मला बघून तो हसला, आणि मी काही बोलायच्या आत माझ्यामागून येणाऱ्या बडे बाबूंकडे वळला.

बडे बाबू नागपूरकडचे, मराठी बोलणारे. दादानं गाठोडं खाली ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि सरळ उभा राहून म्हणाला, "आईनं मुराळी म्हनून धाडलंय मला. भावाला पंचमीला न्यायला आलोय. चार दिवस धाडता का?"

शिपाई फिसकन हसला. बडे बाबू हसले नाहीत. त्यांनाही बहिणी असाव्यात. म्हणाले, "न्या की हो. चार काय, महिनाभर न्या. तीन वर्षांची रजा साठलीय याची. आम्हीच म्हणतो जा, तर हा म्हणतो घरी माझ्यावाचून कुणाचं अडत नाही."

दादाचे हात जोडलेलेच राहिले. मग त्यानं ते सावकाश सोडले आणि म्हणाला, "लई उपकार झाले, साहेब."

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. खोलीत गाठोडं सोडलं, तर लाह्या होत्या, तंबिटाचे लाडू होते, आणि आईनं घेतलेलं नवं धोतर. बांगड्या तेवढ्या आणल्या नाहीत, असं दादा म्हणाला. पण त्यात हसणं नव्हतं. नंतर तो उठला, बाहेर गेला, नळापर्यंतची पावलं मोजून आला, ओंजळभर पाणी पिऊन आला. शेगडी बघितली, भांडं उघडून कालचा भात बघितला. आई विचारील म्हणून तो माझं घर बघून घेत होता. "पानी गोड हाय," म्हणाला, आणि भाताबद्दल काही बोलला नाही.

जेवताना तो म्हणाला, "रंगा, तू चल. मी कुनाला काय सांगनार न्हाई. साहेबानं सोडलं, एवढंच सांगू."

याहून सोपी वाट मला कुणी दिली नसती. आणि मी नाही म्हटलं. तीन वर्षं खोटं बोलून मी त्याच्याबरोबर एका गाडीत दोन दिवस बसू शकत नव्हतो. आईसमोर बसून त्याला गप्प राहिलेलं बघू शकत नव्हतो. दिवाळीला नक्की येतो म्हणालो.

सकाळी स्टेशनवर गाडी लागल्यावर त्यानं विचारलं, "मग आईला काय सांगू?"

"साहेब नाही म्हणाला म्हणून सांग."

शेतातल्या पाण्याच्या पाळीवरून, बांधावरून दादा भांडायचा, पण खोटं बोललेला मला आठवत नाही. "बरं," म्हणाला आणि डब्यात चढला. लाडवांचं गाठोडं मला ठेवून गेला.

दिवाळीला मी गेलो नाही. पुढच्या माघात तार आली आणि मी पोचलो तेव्हा आईला नेऊन दोन दिवस झाले होते.

दहाव्याला प्रवरेकाठी सगळे जमले. विधी आटोपून बायका एका बाजूला बसल्या होत्या. आमची आत्या मोठ्यानं म्हणाली, "किसन मुराळी गेलता. येवढ्या लांब गेलता आन् तसाच आला. तोंड उघडून इचारता आलं आसतं तर म्हातारीला पोरगं बघायला मिळालं आसतं." दुसरी कुणी म्हणाली, त्याला बोलताच येत नाही, त्याचा काय दोष. दादा माझ्या शेजारीच बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काडीनं वाळूत रेघा ओढत बसलो.

मग मुबारकचाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की शेवटच्या दिवसांत आई म्हणायची, किसना माझ्या बापावर गेला, इचारायचं तेच इचारलं न्हाई. चाचांना मला समजवायचं होतं, की तिनं तुला बोल लावला नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.

त्यानंतर मी कोल्हारला येत राहिलो. दर दोन-तीन वर्षांनी, चार-पाच दिवस. प्रत्येक वेळी तुम्ही माझं फार केलंत. वहिनींनी मला आवडतं म्हणून शेंगोळे केले, बिचाऱ्याला मेल्या साहेबानं आईचं तोंड बघू दिलं नाही म्हणून डोळे पुसले. दादा तेवढ्यात उठून गोठ्यात जायचा. आम्ही दोघं त्यावर कधीही बोललो नाही. आपल्या घरात पुढे जेवढ्या सोयरिकी झाल्या, त्यांतल्या एकाही बैठकीला किसनदादाला पुढे केलं नाही. त्याच्या स्वतःच्या मुलीचं घर बघायला दुसरेच चार जण गेले. त्याला बोलता येत नाही, तो घरीच बरा, असं ठरून गेलं होतं. तो जाणाऱ्यांची बैलगाडी जुंपून द्यायचा.

तो जाऊन आता अठरा वर्षं झाली. माझी पत्नी त्याआधीच गेली. आम्हाला मूल नव्हतं. जबलपूरच्या याच मोहल्ल्यात मी राहतो, खोलीच्या दोन खोल्या झाल्या एवढंच. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी खातो.

मागच्या महिन्यात नगरला सावेडीत तुमच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो, तेव्हा दादाची नात मीना मुलाखतीच्या तयारीला बसली होती. शेवटी ते म्हणतात तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा काय विचारायचं असतं हो, असं तिनं मला विचारलं. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात तिचा बाप स्कूटरची किल्ली शोधता शोधता हसत म्हणाला, "काहीपण विचार, पण आपल्या आबासारखं तोंड मिटून बसू नकोस म्हणजे झालं." सगळे हसले. मीनाही हसली. आजोबांना तिनं नीटसं पाहिलेलंही नाही, पण हे तिला माहीत आहे.

मी त्या दिवशीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीची गाडी धरून परत आलो.

मीना, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पुढे कुठं जाता येईल वगैरे सगळं विचार. पण जे विचारायला घरून सांगितलं असेल, ते विचारल्याशिवाय उठू नकोस. लाज वाटली तरी विचार. नाही म्हणाले तर नाही म्हणाले, निदान ते 'नाही' त्यांचं असेल.

बाकी सगळ्यांना एवढंच. कोल्हारला माझं जे घर उरलं आहे, ते तुमच्या गैरसमजावर उभं आहे हे मला माहीत आहे. एका कठोर साहेबानं अडवून ठेवलेला माणूस म्हणून तुम्ही मला पाट मांडता. तो माणूस कधी नव्हता. आईपासून मला मीच लांब ठेवलं. हे वाचल्यावर तो पाट मांडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी आता थकलो आहे. कोल्हारला येणं माझ्यानं कदाचित होणारही नाही, आणि घर म्हणजे मला आता एवढंच राहिलं आहे, की तिथं माझ्याबद्दल जे बोललं जाईल ते खरं असावं.

आणि घरात पुन्हा कधी दादाचा विषय निघाला, तर मुलांना सांगा, की किसनआबा दोन दिवसांचा प्रवास करून परक्या मुलुखात गेले होते. तिथल्या मोठ्या माणसासमोर हात जोडून उभे राहिले होते आणि आईनं सांगितलं तसंच त्यांनी विचारलं होतं. उत्तर 'हो' असं मिळालं होतं.